थंड असताना शहाणी, गरम झाली की बंद: एका जुन्या वॅगन आरचं आयडलिंग प्रकरण

गाडी मारुती वॅगन आर, २००६ चं मॉडेल, १०६१ सीसी, चार सिलिंडर, मीटरवर एक लाख ऐंशी हजारच्या पुढे. मालक चिंचवडच्या आमच्या सोसायटीतले एक रिटायर्ड काका, गाडी पहिल्यापासून त्यांच्याकडेच, पंधरा वर्षांनंतरचं पासिंगही रीतसर करून घेतलेलं. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला गॅसचा वेगळा इंजेक्टर असलेलं) सीएनजी किट आहे, त्यालाही बरीच वर्षं झाली, आणि काका गॅसवरच गाडी चालवतात, पेट्रोल लागतं ते फक्त स्टार्टिंगला, इंजिन थोडं तापलं की किट आपोआप गॅसवर जातं.

तक्रार काय तर सकाळी पहिल्या सेल्फला चालू, भाजी-बँक वगैरे जवळपासची कामं असतील तर काही त्रास नाही, पण अर्धा तास चालून इंजिन पूर्ण गरम झालं आणि चापेकर चौकात सिग्नलला क्लच दाबून न्यूट्रल केलं की गाडी थरथरायला लागते, आरशातलं मागचं काही धड दिसत नाही इतका आरसा हलतो, आणि त्यात एसी चालू असेल तर दोन झटके देऊन बंद. परत सेल्फ मारला की लगेच चालू. रेस दिली की सगळं नीट. मध्ये लोणावळ्याला जाऊन आले तर रस्ताभर एक शब्द तक्रार नाही, टोलच्या लाईनीत उभी राहिली की मात्र पुन्हा तेच.

आता या तक्रारीतच खरं तर निम्मं उत्तर आहे. थंडपणी ठीक, गरम झाल्यावर खराब, आणि तेही फक्त आयडलला (म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा), रेसवर नाही. पण काका दोन-तीन गॅरेज फिरून आले तिथे कुणी एवढं विचारलंच नव्हतं, "आयडलिंग खराब आहे" एवढंच ऐकून कामाला लागले. प्लग बदलले, प्लगच्या केबल बदलल्या, थ्रॉटल बॉडी साफ केली, आयडल व्हॉल्व्ह नवीन टाकला, पेट्रोल फिल्टर आणि गॅसचे फिल्टर बदलले, गॅसवाल्याकडून लॅपटॉप लावून ट्यूनिंग करून घेतलं. प्रत्येक वेळी चार दिवस बरं वाटायचं. एकाने थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून सरळ रेसच वाढवून दिली, म्हणजे गाडी बंद पडू नये एवढाच उपाय. माझ्याकडे विषय आला तोपर्यंत चौदा-पंधरा हजार गेले होते आणि पुढचा सल्ला होता ऑक्सिजन सेन्सर बदला, नाहीच झालं तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. शिवाय सोसायटीतल्या सगळ्यांचं एकमत की हे नवीन पेट्रोलमुळे होतंय, २० टक्के इथेनॉलवालं.

इथेनॉलचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. २००६ च्या गाडीतले रबरी पाईप, सील वगैरे ई२० साठी बनवलेले नाहीत, आणि महिनोन्महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल ओलावा धरतं हेही खरंय. पण या गाडीत हा प्रश्न तपासायला कुठलंही मशीन लागत नाही, डॅशबोर्डवर गॅस-पेट्रोलचं बटण आहे ना. गाडी पूर्ण गरम केली, रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत, मग गॅसवर आयडलला ठेवली, थरथर. बटण दाबून पेट्रोलवर घेतली, तीच थरथर, त्याच लयीत. पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे, गॅसचे वेगळे, पंप-फिल्टर वेगळे, गॅसचं प्रेशर कमी करणारा रिड्युसर फक्त गॅसला. दोन्ही इंधनांवर आजार जसाच्या तसा असेल तर इंधनाकडचं सगळं एका फटक्यात यादीतून बाहेर. उरतं काय, जे दोघांनाही सामाईक आहे ते: आत येणारी हवा, ठिणगी, आणि खुद्द इंजिन. दोन इंधनांच्या गाडीत ही सोय फुकट मिळते आणि तरी लोक आधी गॅसवाल्याला शिव्या घालतात, मग पेट्रोलपंपवाल्याला.

स्कॅनर आधीच्या गॅरेजमध्ये लावून झाला होता, फॉल्ट कोड शून्य. त्यावरून "सेन्सर सगळे ओके" असा निष्कर्ष काढणं एकवेळ चालेल, पण "इंजिनमध्ये दोष नाही" असा नाही काढता येत. आपल्याकडे कार्सना ओबीडी दोन (गाडीने आपले दोष स्वतः ओळखण्याची पद्धत) सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून, आणि कुठल्या सिलिंडरने मिसिंग मारलं, म्हणजे कुठल्यात इंधन जळलंच नाही, हे क्रँकच्या वेगावरून ओळखून दिवा लावणं ही त्या पिढीची गोष्ट. २००६ च्या ईसीयूला कुणी ते काम दिलेलंच नाही. त्याला वायर तुटली, सेन्सरचा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला, एवढं कळतं. एक सिलिंडर अर्धमेला आहे हे त्याला कळण्याचं कारणच नाही.

मग व्हॅक्यूम गेज लावला, म्हणजे इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते दाखवणारा मीटर. ही वस्तू ऑनलाइन हजाराच्या आत मिळते आणि जुन्या गाडीवाल्याने स्कॅनरच्या आधी ती घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. सिक्वेन्शियल किटमध्ये रिड्युसरला मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागाचा, व्हॅक्यूम द्यायला एक बारीक पाईप गेलेला असतो, त्यात टी लावून गेज जोडला, पाच मिनिटांचं काम. इथे एक गोष्ट पुणेकरांनी ध्यानात ठेवायची, पुस्तकात किंवा व्हिडिओत जे १८ ते २२ इंच पारा लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं, आणि दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरायचा. पुणे साडेपाचशे मीटरच्या वर आहे म्हणजे अठराशे-एक फूट, त्यामुळे आपल्याकडे १६ च्या पुढे स्थिर काटा दिसला की समाधान मानायचं, मुंबईतल्या मित्राच्या गाडीचा आकडा बघून पॅकिंग बदलत बसायचं नाही.

थंड इंजिनवर काटा स्थिर होता पण १४ च्या खाली. स्थिर आणि कमी याचा अर्थ बहुतेक वेळा चारही सिलिंडरना सारखा लागू होणारा दोष, कुठून तरी जास्तीची हवा आत घुसतेय नाहीतर टायमिंग (ठिणगीची किंवा व्हॉल्व्हची वेळ) मागे पडलंय. हवेचा पहिला संशय गॅस किटवर, कारण किट बसवताना मॅनिफोल्डला भोकं पाडून गॅसचे नोझल बसवतात आणि तिथले आटे ढिले झालेले बऱ्याच गाड्यांत सापडतात. साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत घेऊन चारही नोझलच्या बुडाशी मारलं, फरक नाही. ब्रेक बूस्टरचा पाईप चिमटीत दाबला, फरक नाही. (काही जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात गरम इंजिनवर, मी नाही मारत, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडला तर पेटतो.) टॅपेट कव्हरपासून (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) मॅनिफोल्डकडे येणारा पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढणारा, पाईप मात्र वरून अगदी चांगला दिसत होता आणि खालच्या बाजूने वळणावर हात फिरवला तर बोटाला चीर लागली, नखभर लांब, रबर कडक होऊन फुटलेलं. बोट दाबून धरलं की इंजिनचा आवाज बदलत होता.

पाईप बदलला, दोनशे-अडीचशे रुपयांची वस्तू. त्याच बैठकीत तो वाढवलेला थ्रॉटल स्क्रूही जुन्या रंगाच्या खुणेवर परत आणला, कारण जोपर्यंत कुणीतरी वरून लावलेली कुबडी काढत नाही तोपर्यंत खाली काय चाललंय ते कळणार कसं. थंड इंजिनवर काटा आता १७, सुईसारखा स्थिर. काका खूश. आणि संध्याकाळी फोन, "अरे, हे तर आधीपेक्षा वाईट झालं, आधी एसीला बंद पडायची, आता नुसती सिग्नलला पण बंद पडतेय."

हे असं व्हायचंच होतं, आणि का ते नीट सांगतो कारण जुन्या गाडीत हा प्रकार वारंवार भेटतो. या इंजिनात आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर नाही, मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर आहे आणि त्यावरून ईसीयू हवेचा हिशोब करतो. एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीत चोरून आलेली हवा मोजली जात नाही म्हणून मिश्रण पातळ होतं आणि गाडी थरथरते. मॅपवाल्या गाडीत चोरून आलेली हवासुद्धा प्रेशर वाढवते, ईसीयूला ती दिसते, तो तेवढं पेट्रोल वाढवतो, म्हणजे परिणाम काय तर रेस जास्त राहते. फुटका पाईप आणि फिरवलेला स्क्रू, दोघं मिळून इंजिनला फुकटची रेस पुरवत होते आणि खालचा मोठा आजार झाकून ठेवत होते. ती रेस काढून घेतल्यावर आजार उघडा पडला. एका गाडीत एकच दोष असतो असं आपण मनात धरून बसतो, वीस वर्षं जुन्या गाडीत ते धरू नये.

आता गेज पुन्हा लावला पण गरम इंजिनवर. थंडपणी १७ वर गप्प बसलेला काटा गरम झाल्यावर १७ वरून १४ पर्यंत टक्-टक् पडायला लागला, आणि अनियमित नाही, ठरावीक लयीत, दर काही फटक्यांनी एक. ठिणगीचा दोष असेल तर काटा बहुतेक वेळा वेडावाकडा, मधूनच पडतो. असा घड्याळासारखा पडणारा काटा एकाच सिलिंडरचा एकच व्हॉल्व्ह (हवा आत आणि धूर बाहेर सोडणारी झडप) नीट बंद होत नसल्याचं जुनं लक्षण आहे.

याला जोडून एक बिनपैशाची टेस्ट केली, गरम इंजिन आयडलला ठेवून सायलेन्सरच्या तोंडाजवळ कागदाची पट्टी धरायची. निरोगी इंजिन कागद सारखा बाहेर ढकलत राहतं. इथे कागद फडफडत बाहेर जात होता आणि मध्येच एकदम आत ओढला जाऊन पाईपच्या कडेला चिकटत होता, मग परत बाहेर. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर पिस्टन खाली जाताना सायलेन्सरकडूनच थोडी हवा आत खेचतो, ते त्या कागदात दिसतं. काका दहा मिनिटं तो कागद धरून उभे होते, शेजारचे दोघं जण येऊन बघून गेले.

कुठला सिलिंडर ते शोधायला गाडी पेट्रोलवर घेतली आणि इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढले. प्लगची केबल ओढून हे करतात पुष्कळ जण, पण त्यात शॉक बसतो, कॉईलवर ताण येतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, इंजेक्टरचा कनेक्टर काढला तर यातलं काहीच नाही. एक, दोन आणि चार नंबर काढल्यावर इंजिन कोलमडायला येत होतं. तीन नंबर काढला, आवाजात जेमतेम फरक. गाडी रात्रभर थंड करून सकाळी हीच टेस्ट केली तर तीन नंबरही बाकीच्यांसारखाच कामाला होता. म्हणजे थंडपणी कामाला जाणारा आणि गरम झाला की दांडी मारणारा गडी सापडला. तरी ठिणगीला एक शेवटची संधी दिली, तीनचा प्लग आणि केबल दोनवर, दोनची तीनवर. आजार तीनवरच राहिला.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते. इथे घाई करायची नाही. सीएनजी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, इंजेक्टरचे आणि कॉईलचे कनेक्टर बाहेर, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज्ड, आणि प्रत्येक सिलिंडरला तेवढेच फटके. हेड (इंजिनाचा वरचा भाग, प्लग आणि व्हॉल्व्ह यातच बसतात) अल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढायला जोर लावला तर आटे जायची भीती, म्हणून थोडा वेळ थांबून, हाताला सोसेल इतकं झाल्यावर काढले. थंड इंजिनवर आकडे आले १७०, १६५, १५५, १६८ पीएसआय. कुणीही बघून म्हणेल की ठीक आहे. आणि गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन कधी बघतात, तर गाडी रात्रभर उभी असते आणि सकाळी पहिलं काम म्हणून. गरम इंजिनवर तेच आकडे १६५, १६०, १०५, १६२. तीन नंबर पन्नासने खाली.

प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडून तीन नंबर परत मोजला, पिस्टनची रिंग गेली असेल तर ऑईलने फट बुजते आणि आकडा चांगला वर जातो. १०५ चा ११० झाला, म्हणजे रिंगा नाहीत. शेवटी कोपऱ्यावरच्या टायरवाल्याच्या कंप्रेसरची हवा प्लगच्या भोकातून दिली, तीन नंबर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर), दोन्ही व्हॉल्व्ह बंद असायला हवेत अशा स्थितीत, आणि कान लावला. ऑईलच्या झाकणातून काही नाही, थ्रॉटलमधून काही नाही, सायलेन्सरमधून स्पष्ट फुस्सऽऽ. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्ह गळतोय हे कळल्यावर "हेड उतरवा" हे उत्तर तयार असतं, आणि ते अगदीच चूक नाही, पण त्याआधी टॅपेट कव्हर उघडून गॅप, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, बघणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन रात्रभर थंड ठेवून कव्हर उघडलं, क्रँक फिरवत १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरने एकेक सिलिंडर टीडीसीला आणला. या इंजिनात गॅप म्हणजे साधारण झेरॉक्सच्या दीड-दोन कागदांची जाडी, नेमका आकडा इनलेट-एक्झॉस्टचा वेगवेगळा असू शकतो तो मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजपंचे नको. तीन नंबरच्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हपैकी एकात माझ्याकडच्या फिलर गेजची सगळ्यात बारीक पट्टी, ०.०५ मिमीची, आत जाईना. रॉकर हाताने हलवून पाहिला, खेळच नाही. दुसऱ्यात ती कशीबशी गेली. बाकी सिलिंडरचे एक्झॉस्टही ठरलेल्यापेक्षा टाईटच होते पण निदान फट होती. इनलेट सगळे जवळजवळ बरोबर.

गंमत अशी की आदल्या वर्षी सर्व्हिसिंग करणाऱ्या मिस्त्रींनी काकांना कौतुकाने सांगितलं होतं, "बघा काका, एवढी जुनी गाडी पण टॅपेटचा आवाज नाही." टॅपेट ढिले असले, म्हणजे ही गॅप जास्त असली, की टकटक वाजतात, ते सगळ्यांना ऐकू येतं, म्हणून कुणीतरी ते आवळून देतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. टाईट टॅपेट वाजत नाही. तो गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो.

आता हे होतं कसं. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर हेडमधल्या सीटवर (ज्या कडेवर तो टेकतो) आपटतो, शेकडो वेळा दर मिनिटाला. पेट्रोलवर ज्वलनातून थोडाफार थर सीटवर बसतो, तो गादीचं काम करतो, सीएनजी कोरडा गॅस, त्यात ते काही मिळत नाही, आणि मिश्रण जरा पातळ चालवलं की एक्झॉस्टचं तापमानही वाढतं. त्यामुळे सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर वर सरकत जातो, त्याची दांडी रॉकरच्या जवळ येते आणि गॅप कमी कमी होत शून्यावर येते. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात बऱ्याचदा रॉकरच्या बाजूची झीज जास्त म्हणून गॅप वाढते आणि आवाज येतो, गॅसवर उलटं. थंडपणी शून्य गॅप असली तरी व्हॉल्व्ह कसाबसा बसतो. इंजिन तापलं की एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची दांडी लांबते, आणि जागाच नसल्यामुळे रॉकर त्याला पूर्ण बंद होऊ देत नाही. केसभर उघडा राहतो. मग कॉम्प्रेशन सायलेन्सरमध्ये.

आयडललाच का त्रास आणि हायवेला का नाही, तेही यातूनच. आयडलला सिलिंडरमध्ये मुळात हवाच थोडी भरलेली, त्यातली गळायला वेळ भरपूर, कारण पिस्टन सावकाश चाललाय. तीन हजार आरपीएमला पिस्टन इतक्या झटकन वर येतो की गळून गळून किती गळणार, शिवाय थ्रॉटल उघडा म्हणून भरलेला मालही जास्त.

आणि ऑक्सिजन सेन्सर बदला हा सल्ला कुठून आला तेही इथेच कळतं. तीन नंबरमधलं मिश्रण धड जळत नाही, म्हणजे त्यातला ऑक्सिजन जसाच्या तसा सायलेन्सरकडे जातो. सेन्सर इमानदारीने सांगतो की ऑक्सिजन जास्त आहे, ईसीयूला वाटतं मिश्रण पातळ झालं, तो चारही सिलिंडरना इंधन वाढवतो. स्क्रीनवर बघणाऱ्याला सेन्सर खोटं बोलतोय असं वाटतं. गॅसवाल्यानेही ट्यूनिंगला लॅपटॉपवर हेच बघून गॅस वाढवून दिला होता. काकांच्या मागच्या पीयूसीचा कागद मागवून घेतला, गाडी तेव्हा पेट्रोलवर तपासली होती, सीओ ०.३ टक्के म्हणजे ०.५ च्या मर्यादेत, पण हायड्रोकार्बन ६९० पीपीएम, मर्यादा ७५०. पास झाली म्हणून कागद ग्लव्ह बॉक्समध्ये गेला. सीओ माफक आणि हायड्रोकार्बन एवढं चढलेलं म्हणजे इंधन न जळता बाहेर पडतंय, मिसिंग. पास-नापास सोडून आकडे कुणी वाचतच नाही, खरं तर ही सहा महिन्यांनी नाहीतर वर्षाने आपोआप होणारी तपासणी आहे.

टॅपेट सेट केले, एक्झॉस्ट मुद्दाम मॅन्युअलच्या वरच्या मर्यादेला ठेवले, गॅसवर गॅप कमीच होत जाणार म्हणून. चेकनट आवळताना स्क्रू फिरतो, त्यामुळे आवळल्यावर परत पट्टी घालून बघावी लागते, हे न केल्यामुळेच निम्मी सेटिंग वाया जातात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवीन टाकलं. गाडी चालू केली, काकांचा पहिला प्रश्न, "आवाज का यायला लागला?" हलकी टिकटिक होती. म्हटलं काका, ती राहू द्या.

गरम कॉम्प्रेशन आता तीन नंबरला १४०. म्हणजे १०५ वरून वर आलं, पण बाकीच्यांच्या १६० ला पोचलं नाही, कारण इतके महिने उघडा राहून व्हॉल्व्हची कड थोडी खाल्ली गेली असणार. आयडल मात्र साडेआठशे-नऊशेला बसलं, एसी लावला तरी बंद पडेना, गेजचा काटा गरम इंजिनवर जेमतेम अर्धा इंच हलत होता. गॅसचं ट्यूनिंग परत करून घेतलं, कारण आधीचं आजारी इंजिनावर केलेलं होतं, आणि ते खरोखरच बरंच कमी करावं लागलं.

इथे थांबायचं की हेड उतरवायचं यावर आमचा थोडा वाद झाला. काकांच्या मुलाचं म्हणणं गाडी चाललीय ना, मग कशाला हात लावायचा, वीस वर्षांच्या गाडीवर पैसे का घालवायचे. माझं म्हणणं होतं की आत्ता ठरवायचंच नाही, पाच हजार किलोमीटर चालवा आणि फक्त गॅप मोजा. बाकी सगळे व्हॉल्व्ह होते तिथेच आणि हा एकटाच परत टाईट झाला तर सीट चाललीय, मग कितीही वेळा सेट करा. गॅप टिकली तर विषय संपला.

टिकली नाही. पावसाळ्यानंतर मोजली तेव्हा तीन नंबरच्या त्याच व्हॉल्व्हची गॅप निम्म्यावर आली होती, बाकीच्यांमध्ये मोजण्यासारखा फरक नव्हता. मग भोसरीत हेडचं काम करणाऱ्यांकडे हेड गेलं. व्हॉल्व्ह बाहेर काढून उजेडात धरला तर बसण्याची जी कड सगळीकडून सारखी राखाडी असायला हवी ती एका बाजूला खड्डे पडून काळपट-चकचकीत झाली होती, करंगळीच्या नखाएवढा भाग, गॅस तिथूनच निसटत होता. चार सिलिंडरच्या आठही एक्झॉस्ट सीट कडक मटेरियलच्या टाकल्या, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, इनलेट फक्त घासून बसवले, व्हॉल्व्ह सील, हेड पॅकिंग, आणि बेल्ट उतरलाच होता म्हणून टायमिंग बेल्टही. मजुरी धरून सतरा हजारांच्या आसपास. महाग वाटतं, पण आधी अंदाजाने बदललेल्या पार्टचे पैसे जवळपास तेवढेच होते आणि त्यातला एकही पार्ट खराब नव्हता, जुना आयडल व्हॉल्व्ह तर मी साफ करून ठेवलाय, चालू आहे.

सीएनजीने इंजिनं खराब होतातच असा यातून अर्थ काढू नका. कंपनीकडून सीएनजी म्हणून येणाऱ्या गाड्यांत साधारणपणे व्हॉल्व्ह आणि सीट त्यासाठी वेगळ्या असतात, आणि बाहेरून किट बसवलेल्या कितीतरी गाड्या लाखो किलोमीटर पळतात. फक्त त्यांचा टॅपेट गॅप वेळेवर बघावा लागतो, मी पंधरा-वीस हजार किलोमीटरला सांगतो, आणि आवाज येत नाही म्हणून तपासणी टाळायची नाही. दर तीन वर्षांनी गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट करावीच लागते, त्याच आठवड्यात हेही धरून टाकलं तर लक्षात राहतं. आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, निदान इंजेक्टर चिकटणार नाहीत आणि टाकीतलं पेट्रोल शिळं होणार नाही.

हेडनंतरचे आकडे: गरम कॉम्प्रेशन चारही सिलिंडर १६८ ते १७२, व्हॅक्यूम १७.५ स्थिर, नवीन पीयूसीत हायड्रोकार्बन १४०. एसी लावल्यावर बसायच्या सीटखाली अजून थोडा गुणगुणाट येतो, पण तो रेस दिली तरी तसाच राहतो आणि गेजचा काटा हलत नाही, म्हणजे इंजिनाचा नाही. बॉनेट उघडून क्लचवर गाडी किंचित ताणली की इंजिन एका बाजूला जास्त कलंडतं, माउंटिंगचं रबर बसलंय. ते काकांनी दिवाळीनंतर करू म्हणून ठेवलंय.